अनुभव धागा : क्ष आणि य घरखर्चात कधी कामी आले?

निमित्त इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीचं. सुट्टीत आलेली भाचेमंडळी दोन टोळ्यांत नाश्ता करून आली. एका टोळीच्या पोह्यांच्या तीन आणि जिलबीच्या दोन प्लेटी, १३० रुपये. दुसरीच्या पोह्यांच्या दोन, जिलबीच्या तीन, १२० रुपये. भाव कुणी विचारलेच नव्हते, आणि आता हिशेबावरून भांडण. दहावीतली भाची क्ष-य मांडायला बसली. म्हटलं, आधी दोन्ही बिलं मिळव : पाच-पाच प्लेटी २५०, म्हणजे जोडी ५० ची. आता वजा कर : पोहे जिलबीपेक्षा १० नी महाग. पोहे ३०, जिलबी २०. कागद लागलाच नाही.

इंदूरकरांनो, आणि इंदूर सोडून गेलेल्यांनोही, तुमचे किस्से टाका. पुस्तकातली गणितं नकोत, खरी बिलं हवीत.

जीरावण मारके
आमच्याकडे मुंजीला ३४० पानं उठली. मोठ्यांचं ताट २५०, लहानांचं १५०, केटररचं बिल ७९,०००. मोठे किती जेवले यावर काका आणि केटरर यांची जुंपली. आजोबा सुपारी कातरत म्हणाले, "समजा सगळी पोरंच जेवली. ५१,००० झाले. वरचे २८,००० कुठून आले? प्रत्येक मोठ्या माणसामागे १०० जास्त, म्हणजे मोठे २८०, पोरं ६०." क्ष नाही, य नाही. हीच रीत शाळेत शिकवली असती तर मी गणिताला घाबरलो नसतो भिया!

निवृत्त मास्तर
धागाकर्तीचं गणित फार जुन्या घराण्यातलं आहे. नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त विचारलंय : नऊ महाळुंगं आणि सात कवठं १०७ ला, सात महाळुंगं आणि नऊ कवठं १०१ ला, तर एकेकाचा भाव काय? मिळवा, १६ जोड्या २०८ ला, जोडी १३ ची. वजा करा, दोन नगांमागे ६, म्हणजे फरक ३. महाळुंग ८, कवठ ५. भास्कराचार्य अज्ञात राशींना यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक असं म्हणत. पहिली सोडली तर बाकी रंगांचीच नावं. क्ष-यपेक्षा मला ती गोड वाटतात.

विजयनगरवाली
कॅबचा हिशेब. सहा किलोमीटरचे ११०, दहाचे १७०. चार किलोमीटरला ६० वाढले, म्हणजे किलोमीटरला १५ आणि सुरुवातीचे २०. मी खूश. मग चौदा किलोमीटरला २३० यायला हवे होते, आले २६५! राजवाड्याच्या गर्दीत अडकल्याचे पैसे वेगळे. दोन बिलांतून भाव निघतोच, तो खरा की नाही ते तिसऱ्या बिलाशिवाय कळत नाही. तेव्हापासून तिसरं बिल जपून ठेवते.

दहीवाला नाही
डेअरीचं बिल : दोन दही, एक पनीर १८०. पुढच्या आठवड्यात चार दही, दोन पनीर ३८०. दुप्पट माल, मग ३६० का नाही? सोडवायला गेलं तर उत्तरच निघत नाही, कारण दोन्ही बिलांचे भावच वेगळे. मधे भाव वाढले होते आणि पाटी बदललेली नव्हती. बायकोने बिल न सोडवताच हे सांगितलं होतं.

धागाकर्ती
@दहीवाला नाही, ३६० आले असते तरी पंचाईतच. भाव वाढले नाहीत एवढंच कळलं असतं. दही ४० आणि पनीर १००, की दही ५० आणि पनीर ८०, दोन्ही बसतं. दुसरं बिल पहिल्याचीच दुप्पट नको, त्यात दह्या-पनीरचं प्रमाण वेगळं हवं. पुढच्या वेळी एक दही जास्त घ्या.

दहीवाला नाही
दही जास्त घेतलं तर ते संपवणार कोण, हे समीकरण आमच्या घरी अजून सुटलेलं नाही.