अनुभव धागा: सरावासाठी सहाध्यायांसोबत जपानला

जपानी युद्धकला शिकणारी मंडळी कधी ना कधी आपल्या वर्गासोबत जपानला जाऊन येतात. तेथील मंदिरांची आणि बुलेट ट्रेनची वर्णने भरपूर वाचायला मिळतात. म्हणून या धाग्यात केवळ डोजोतील, म्हणजे सरावाच्या जागेतील दिवसांविषयी आणि सोबत्यांविषयी लिहावे, ही विनंती.

* * *

आम्ही सात जण गोजू-र्यू कराटेच्या सरावासाठी दहा दिवस ओकिनावातील नाहा येथे होतो. मी कोल्हापूरचा असून लहानपणी तालमीच्या लाल मातीत लोळलेलो आहे, त्यामुळे डोजोच्या कोपऱ्यातील साधने मला परकी वाटली नाहीत. लाकडी दांड्याच्या टोकाला दगड बसवलेली चि-इशी म्हणजे आमच्या मुद्गलाचे धाकटे भावंडच. निगिरी-गामे मात्र नवीन होते: वाळू भरलेली दोन मडकी काठाशी केवळ बोटांच्या पकडीने उचलायची आणि अर्धवर्तुळाकार पावले टाकत चालायचे. मुद्गलांची जोडी फिरवल्याच्या घमेंडीत मी भरलेली मडकी मागितली. सेन्सेईंनी, म्हणजे तेथील गुरुजींनी, न बोलता रिकामी पुढे केली. चौथ्या फेरीत डावे मडके निसटून फुटले. सेन्सेईंनी आधी माझ्या पायाकडे पाहिले, मग केरसुणीकडे. खापऱ्या गोळा करायला उरलेले सहाही जण वाकले, तेव्हा मला जी लाज वाटली ती मोठ्या कुस्तीत चीतपट होऊनही कधी वाटली नव्हती. भरपाई त्यांनी घेतली नाही. आमच्यापैकी दोघे नवा काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, शिकण्याच्या आशेने आले होते. परंतु गोजू-र्यूचे संस्थापक मियागी चोजुन (१८८८-१९५३) यांच्या परंपरेत पाया मानल्या जाणाऱ्या सांचिन या काताखेरीज दहा दिवसांत फारसे काही झाले नाही. सेन्सेई खांद्यांवर आणि मांड्यांवर थापट्या मारून ताण तपासत आणि पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात करायला लावत.

* * *

आम्ही चौघी पुण्याहून आयकिडोसाठी, म्हणजे समोरच्याचा तोल ढळवून त्याला पाडण्याच्या कलेसाठी, गेलो होतो. तोक्योतील शिंजुकु भागातल्या आयकिकाई या आयकिडो संस्थेच्या होम्बु डोजोत, म्हणजे मुख्य केंद्रात, सकाळी साडेसहाचा तास असतो. आमच्याकडे दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतो. तेथे मात्र आरंभी ज्या व्यक्तीला वाकून नमस्कार करावा, तिच्याबरोबरच संपूर्ण तास सराव करायचा असतो. हे ठाऊक नसल्याने आम्ही चौघी एका ओळीत बसलो आणि एवढा खर्च करून आल्यावर पहिला अख्खा तास एकमेकींनाच पाडण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी ठरवून विखुरलो. माझ्या वाट्याला आलेले आजोबा सत्तरीचे तरी असावेत. माझ्या तंत्राने त्यांचा तोल खरोखर ढळला नाही, तर ते शिष्टाचार म्हणूनही पडत नसत. शांतपणे उभे राहून पुन्हा मनगट पुढे करत. त्या तासात ते एकूण तीनदा पडले, आणि ते तिन्ही प्रसंग मी आजही सांगू शकते.

* * *

शाकाहारी मंडळींसाठी एवढेच: मिसो सूपमध्येही बहुधा माशाचे दाशी, म्हणजे माशाच्या अर्काचे पाणी, असते. आमच्या गटाचे मेतकूट चौथ्या दिवशी संपले आणि त्यावरून झालेले भांडण सरावातील कोणत्याही लढतीपेक्षा तीव्र होते.

* * *

मी जपानमध्ये शिकत असताना विद्यापीठातील सहाध्यायांसोबत क्यूडोच्या, म्हणजे धनुर्विद्येच्या, सराव-शिबिराला गेले होते. लक्ष्याचा व्यास ३६ सेंटिमीटर आणि अंतर २८ मीटर असते, हे मी आधीच पाठ केले होते. पण नवशिक्यांना प्रथम रबराच्या धनुष्याने केवळ हालचाली कराव्या लागतात, आणि त्यानंतर धनुष्याच्या लांबीइतक्याच अंतरावरील गवताच्या गठ्ठ्यावर बाण सोडावे लागतात. एवढ्या जवळून नेम चुकणे अशक्यच, त्यामुळे शिक्षकांचे लक्ष सर्वस्वी माझ्या खांद्यांवर असे. उरलेल्या वेळात जुन्या विद्यार्थ्यांचे बाण गोळा करून, त्यांच्या टोकांना लागलेली वाळू फडक्याने पुसून परत आणणे हे आम्हा नव्या मुलींचे काम होते. शेवटच्या दिवशी मला २८ मीटरवर उभे केले आणि दोन बाण दिले. दोन्ही लक्ष्याच्या बरेच अलीकडे जमिनीवर घसरत गेले. ते मीच उचलून आणले आणि पुसलेही. पुसणे मला तोवर उत्तम जमू लागले होते.