मदत हवी आहे: तळघरातलं जुनं डीएएस (इमारतीत मोबाइल सिग्नल पसरवणारं अँटेनांचं जाळं) ५जीला चालेल का?

मंडळी, नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजाराजवळ एका रुग्णालयात वायरिंगचं काम मी बघतो. आमचं एक्स-रे आणि सीटी तळघरात, भिंतींत शिसं, त्यामुळे तिथे रेंज जवळजवळ नाहीच. परवा एक मावशी अर्धा जिना चढून मुलाला फोन लावत होत्या. एका हातात रिपोर्टची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि पाय थरथरत होते. तेव्हापासून मनातून जात नाही.

छतात जुनं पॅसिव्ह डीएएस आहे, म्हणजे नुसत्या केबल आणि सिग्नल वाटणाऱ्या स्प्लिटर-कप्लरवर चालणारं. स्प्लिटरवर ६९८ ते २७०० मेगाहर्ट्झ छापलंय. आपल्याकडे ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा, म्हणजे स्प्लिटर-कप्लर त्यासाठी बनलेलेच नाहीत. शिवाय वरच्या फ्रीक्वेन्सीला कोॲक्सियल केबलमध्ये सिग्नल जास्त मरतो, आणि साध्या दोन-बाय-दोन मायमोलाही (एकाच वेळी दोन अँटेनांतून सिग्नल पाठवण्याची पद्धत) केबलची जोडी लागते. आमची एकेरी आहे.

एक ठेकेदार म्हणतो, नुसते अँटेना बदला. मला हे अजिबात पटत नाही. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं ५जी जुन्या केबलीतून जाईल, पण तो पट्टा सगळ्या कंपन्यांकडे नाही. ॲक्टिव्ह डीएएसमध्ये मजल्यापर्यंत फायबर आणि तिथे रिमोट युनिट, म्हणजे फायबरमधला सिग्नल परत रेडिओ सिग्नल करून अँटेनाला देणारी पेटी. तेच बरोबर वाटतं, खर्च मात्र मोठा. बाजारातला बूस्टर (सिग्नल वाढवणारं यंत्र) कृपया सुचवू नका, विनापरवाना बसवणं बेकायदा आहे.

चालू रुग्णालयात कुणी हे काम केलंय का? पेशंट न हलवता केबल कशी ओढली? आणि मोबाइल कंपन्यांशी बोलणी रुग्णालयाने केली की ठेकेदाराने?