जागतिक नागरिकसभा: सोडत कोणी काढायची आणि उत्तर कोणी द्यायचे?

सोडतीने निवडलेल्या सामान्य माणसांची जागतिक सभा असावी का, यावर टोपणनावाने लिहिणाऱ्या चौघांची ही चर्चा.

पाणवठा
२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या निमित्ताने 'ग्लोबल असेंब्ली' नावाचा एक प्रयोग झाला. जगाच्या लोकसंख्येच्या नकाशावरून शंभर ठिकाणे सोडतीने काढली गेली आणि दाट वस्तीच्या जागेला निवडीची शक्यता अधिक ठेवली गेली. त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक संस्थांनी लोकांना गाठून सुमारे ६७५ जणांची यादी केली. वय, लिंग, शिक्षण आणि हवामानबदलाविषयीचे मत यांचे प्रमाण जगाशी जुळेल अशा रीतीने त्या यादीतून शंभर जण निवडले गेले. मानधन आणि दुभाषी देऊन त्यांच्याकडून ६८ तासांची ऑनलाइन चर्चा करून घेतली आणि तिच्यातून एक जाहीरनामा निघाला.

माझे म्हणणे असे आहे की ही सभा कायमस्वरूपी असावी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सरकारे बोलतात, आणि तिथे प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या तुवालू या बेटदेशाचे एक मत व भारताचेही एकच मत. सामान्य माणसांची अशी सभा संयुक्त राष्ट्रांत नाही. सदस्यसंख्या तीनशे असावी, मुदत एक वर्षाची असावी, आणि चर्चेचा विषय आधीच्या तुकडीने पुढच्या तुकडीसाठी ठरवावा. बेल्जियमच्या जर्मनभाषक प्रदेशात २०१९ पासून याच्या जवळ जाणारी पद्धत आहे. तिथे सोडतीतून आलेली २४ जणांची नागरिक परिषद विषय ठरवते, दुसरी नागरिकसभा त्यावर चर्चा करते, आणि प्रादेशिक संसदेला शिफारशींची दखल घ्यावीच लागते.

तिरफळ
आधी हिशेब करू. २०२१ ची लोकसंख्या सुमारे ७९० कोटी धरली तर शंभर जणांच्या सभेत एका माणसामागे आठ कोटी लोक येतात. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे साधारण ८ कोटी ३० लाख होते. म्हणजे सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंतच्या आणि बडोदे-बेळगावच्याही सगळ्या मराठी माणसांच्या वाट्याला मिळून एक खुर्ची. ती चंद्रपूरच्या खाणकामगाराला मिळाली काय किंवा कोथरूडच्या निवृत्त प्राध्यापकाला मिळाली काय, दुसऱ्याचे जग तिथे पोहोचणार नाही. सभा तीनशेंची केली तर खुर्च्या तीन होतील, एवढाच फरक. तुवालूची लोकवस्ती जेमतेम अकरा हजार. समुद्र ज्यांच्या दारात आला आहे त्यांची पाळी या सोडतीत कधी येणार?

याहून मोठी अडचण उत्तरदायित्वाची आहे. नगरसेवक नालायक निघाला तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येते. सोडतीत निघालेला माणूस वर्षभराने आपणहून घरी जातो आणि त्याला जाब विचारणारे कोणीच नसते. आपल्याकडे सोडत म्हाडाच्या घरांची होते, प्रभागाच्या आरक्षणाची होते. समसमान मते पडली तर निकालही चिठ्ठीवर लागतो. पण कायदा कसा असावा हे आपण चिठ्ठीवर सोडत नाही.

खडीसाखर
तिरफळ, चिठ्ठीने माणूस निवडणे आणि चिठ्ठीने निर्णय घेणे यांत आपण गल्लत करत आहात. आयर्लंडमध्ये २०१६ साली ९९ नागरिक सोडतीने निवडले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश अध्यक्षस्थानी होत्या. गर्भपातावरील घटनात्मक बंदीचा जो प्रश्न पक्षांना अनेक वर्षे हाताळवत नव्हता, त्यावर या लोकांनी महिनोन्‌महिने साक्षी ऐकल्या, वैद्यक आणि कायदा समजून घेतला आणि शिफारस केली. पुढे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. ज्याला पुन्हा निवडून यायचे नाही तो माणूस मोकळेपणाने विचार करू शकतो, हा सोडतीचा गुण आहे.

ही कल्पना परकीही नाही. तमिळनाडूतील उत्तिरमेरूरच्या दहाव्या शतकातील चोळ शिलालेखात गावच्या समित्यांसाठी मडक्यातून नावाच्या चिठ्ठ्या काढण्याचे नियम कोरलेले आहेत.

वैशाखवारा
उत्तिरमेरूरचा दाखला अर्धाच दिला गेला. त्या मडक्यात नाव पडायला करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर घर, ३५ ते ७० हे वय आणि वेदांचे ज्ञान लागत असे. मडक्यात कोणाची चिठ्ठी टाकायची हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती खरी सत्ता. जागतिक सभेत ते काम स्थानिक यजमान संस्था करते: माणूस तीच शोधते, समजावते आणि पुष्कळदा दुभाषाचे कामही तीच करते. सदस्याचे वाक्य आणि दुभाषाची समजूत यांतले अंतर कोण मोजणार?

आयर्लंडमध्ये सभेनंतर संसद होती आणि संसदेनंतर सार्वमत होते. जगाला ना संसद आहे, ना सार्वमत. फ्रान्समध्ये तर दोन्ही उपलब्ध असताना काय झाले ते पाहा. हवामानबदलावरच्या सभेसाठी सोडतीने निवडलेल्या १५० नागरिकांनी १४९ प्रस्ताव दिले, राष्ट्राध्यक्षांनी ते 'न गाळता' पुढे नेण्याचा शब्द दिला होता, आणि अखेरीस पातळ केलेला कायदा आला. त्याच नागरिकांनी सरकारच्या प्रतिसादाला दहापैकी सरासरी ३.३ गुण दिले.

मला गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव आठवते. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकारानेही यावे, वाटेल तितकी चर्चा करावी. निर्णय मात्र अभ्यासगट घेत नाही. तो ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने, कारण त्या निर्णयाबरोबर जगायचे तिलाच असते.

पाणवठा
वैशाखवारा, मेंढ्याच्या उदाहरणाने माझ्या प्रस्तावाला मुरड घालावी लागेल. जागतिक सभेला निर्णयाचा अधिकार मागणे मी सोडून देतो. ती अभ्यासगटच राहू द्या. पण मग एक बंधन हवे: ज्या सरकारांना शिफारशी जातील त्यांनी ठरलेल्या मुदतीत प्रत्येक शिफारशीवर 'मान्य', 'अमान्य' आणि त्याचे कारण लेखी, जाहीर द्यावे. यजमान संस्थेकडून दुभाषाचे काम काढून घ्यावे आणि चर्चेचे मूळ भाषेतील ध्वनिमुद्रण जपावे, म्हणजे भाषांतर कोणालाही तपासता येईल. तुवालूसाठी मात्र लोकसंख्येचा निकष पुरणार नाही, हे तिरफळ यांचे म्हणणे मान्य. काही खुर्च्या धोक्याच्या प्रमाणात राखाव्या लागतील.

खडीसाखर
धोका किती हे मोजायचे कोणी? तिथे पुन्हा तज्ज्ञांची समिती येईल आणि तिची नेमणूक सरकारेच करतील.

तिरफळ
नेमका हाच माझा प्रश्न आहे. लेखी उत्तराच्या अटीला माझा पाठिंबा आहे. 'अमान्य' असे कारणासह लिहून देणे सरकारांना जड जाते, हे माहितीच्या अधिकाराचे अर्ज करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पण माहितीच्या अधिकारात पहिले अपील असते, दुसरे असते, अधिकाऱ्याला दंडही होतो. उत्तर न देणाऱ्या देशाविरुद्ध तुमची सभा अपील कोणाकडे करणार, तेवढे लिहा.