जांभ्यातली विहीर, शेजारी शोषखड्डा

प्रश्न: वरच्या अंगाला ३० फुटांवर शोषखड्डा आहे. पावसात विहिरीच्या पाण्याला वास येतो. ब्लीचिंग पावडर किती टाकू?

उत्तर १: व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८,००० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवा, १० मिनिटं चुना बसू द्या, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळा. तासभर उपसा नको.

उत्तर २: पुडा ताजा घ्या, दमट हवेत क्लोरीन उडतो. पाण्यात मैला असेल तर क्लोरीन त्यातच खर्चही होतो. तासाभराने ऑर्थोटोलिडिनने (पाण्यातला क्लोरीन तपासायचं रसायन) पिवळी छटा आली नाही तर डोस कमी पडला.

उत्तर ३: हे तात्पुरतंच हो. जांभा म्हणजे चाळण! खड्डा खालच्या अंगाला, किमान ५० फूट लांब हलवा. तोवर उकळूनच प्या.