कुलगुरूंच्या लेखन-संपादन विभागाची जबाबदारी घेतेय, रुजू होण्याआधी काय मागून घेऊ?

मुक्ता_पुणे
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात एका खासगी विद्यापीठात 'प्रमुख, लेखन व संपादन' म्हणून रुजू होतेय. कुलगुरूंची भाषणं, विद्यार्थी-पालकांना जाणारी त्यांची पत्रं, वार्षिक अहवाल, पदवीप्रदान समारंभाची पुस्तिका, अडचणीच्या वेळची निवेदनं, सगळं आमच्याकडे. हाताखाली तिघं आहेत: एक मराठी लिहिणारी, एक इंग्रजी लिहिणारा, एक अनुवाद बघणारी. मी इतकी वर्षं मासिकाचं संपादन केलं, विद्यापीठाचा कारभार मात्र आतून पाहिलेला नाही.

मुलाखतीत सांगितलं की सूचना कुलसचिवांकडून मिळतील आणि मसुदेही त्यांच्यामार्फतच वर जातील. कुलगुरूंशी थेट बोलणं होईल असं दिसत नाही. हे असंच असतं का? आणखी एक. कुलगुरू मूळचे तमिळ. मराठी कळतं, थोडं बोलतात, देवनागरी वाचताना अडखळतात, पण समारंभात मराठीतच बोलायचं असा त्यांचा आग्रह आहे. कोणी असं काम केलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

आबा_कोल्हापूर
मुक्ताताई, अभिनंदन. मी एका शासकीय विद्यापीठातून उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ कुलगुरू कार्यालयात मसुदे लिहिण्यात गेला.

एकच गोष्ट मागा. कुलगुरूंच्या भेटीची ठरलेली वेळ. आठवड्यातून अर्धा तास पुरे, पण मध्ये कोणी नको. बाकी सगळं नंतर जमवता येतं, हे नंतर मिळत नाही.

कारण सांगतो. तीन टेबलं फिरून सूचना आली की ती अशी असते: 'शैक्षणिक धोरणावर दहा मिनिटांचं भाषण, सोमवारपर्यंत.' त्यावर कितीही चांगलं लिहिणारा माणूस 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 च्या अनुषंगाने' यापासूनच सुरुवात करणार, आणि ते भाषण राज्यातल्या कुठल्याही कुलगुरूंच्या तोंडी चाललं असतं. आमच्याकडे एकदा विषय आला 'संशोधनातील नवे प्रवाह'. भेटीत कुलगुरू त्यावर पाच मिनिटं बोलले आणि उरलेला सगळा वेळ प्रयोगशाळा संध्याकाळी सहाला बंद होतात, पोरं प्रयोग अर्धवट टाकून खोलीवर जातात, याबद्दल तळमळीने बोलत राहिले. भाषण मी त्यावरच लिहिलं. शेवटी वाक्य होतं, 'येत्या एक तारखेपासून प्रयोगशाळा रात्री दहापर्यंत उघड्या राहतील.' दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तेवढंच छापून आलं, आणि छापण्यासारखं तेवढंच होतं.

आता कुलसचिवांची गरज इथे लागते. ते वाक्य मसुद्यात घालण्याआधी मी त्यांच्याकडे गेलो, पहारेकऱ्यांच्या पाळ्या विचारल्या, वित्त अधिकाऱ्यांकडून जादा वेळेच्या खर्चाला होकार घेतला. कुलगुरू बोलले म्हणजे विद्यापीठाने शब्द दिला. तो पाळता येईल का हे कुलसचिव सांगणार. वाक्य कसं असावं हे त्यांनी सांगायचं नाही. ही वाटणी पहिल्या आठवड्यातच बोलून घ्या. नाहीतर अधिष्ठाते, जनसंपर्क अधिकारी, स्वीय सहायक, सगळे आपापल्या रंगाची शाई घेऊन येतात आणि मसुद्यात 'सर्वांगीण', 'अग्रेसर', 'कटिबद्ध' एवढंच उरतं. सूचना सगळ्यांच्या घ्या, शेवटचा हात तुमचा.

निवेदनांचं थोडक्यात. विद्यार्थ्याचा मृत्यू झाला असेल तर आधी घरच्यांशी बोलणं, मग लिहिणं. कारणाबद्दल एक शब्द नको. त्या निवेदनात संस्थेची बाजू मांडायची नाही, कोणी कितीही दबाव आणला तरी.

देवनागरीचं सांगतो. भाषण वीस पॉइंटात छापा, ओळी सुट्या ठेवा, वाक्य पान उलटताना तुटू देऊ नका. आकडे अक्षरी लिहा. 1,37,480 असं समोर आलं की मराठी माणूसही थबकतो. 'एक लाख सदतीस हजारांहून अधिक' लिहा. संधी आणि लांब समास सोडवा. मूळ तमिळ असल्याने 'ळ' आणि 'ण' ते स्वच्छ म्हणतील, तिथे काळजी नाही. अडचण येईल 'चमचा' आणि 'चहा' यांतल्या दोन वेगळ्या 'च'ची, तशीच 'ज'ची. ते सोयीसाठी तमिळ लिपीत लिहून घ्यायला लागले तर थांबवा, कारण तिथे क, ख, ग, घ या चारींना एकच अक्षर. त्यापेक्षा तुमच्या मराठी लिहिणाऱ्या बाईंच्या आवाजात भाषण ध्वनिमुद्रित करून द्या, गाडीत ऐकतील. आणि मराठीचा त्यांचा आग्रह मोडू देऊ नका. 1937 साली कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात रवींद्रनाथ बंगालीत बोलले, तोवर तिथे हे भाषण इंग्रजीतच व्हायचं. आपल्या मुलांचे आईवडील मांडवात बसलेले असतात, त्यांना कळेल असंच बोललं पाहिजे.

आकडेवही
आबांनी भाषणांचं सांगितलं, मी वार्षिक अहवालाचं सांगते, तीच माझी रोजीरोटी.

विद्यार्थिसंख्या एकच असते असं समजू नका. नॅकचा (संस्थांना दर्जा देणाऱ्या मंडळाचा) वार्षिक गुणवत्ता अहवाल, एनआयआरएफ (केंद्राची क्रमवारी) आणि उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण, तिघांचे रकाने वेगळे आणि कोणत्या तारखेची संख्या धरायची तेही वेगळं. खर्चाचे आकडे आर्थिक वर्षाचे, निकालाचे शैक्षणिक वर्षाचे. अहवालात एक संख्या आणि कुलगुरूंच्या भाषणात दुसरी आली की सभागृहात पहिला प्रश्न त्यावरच येतो. म्हणून एक सामायिक तक्ता ठेवा: आकडा, कोणत्या तारखेचा, कोणत्या विभागाने दिला, कोणी तपासला. तक्त्यात नसलेला आकडा भाषणात जाणार नाही असा नियमच करा.

मजकूर जुन्या फॉन्टात आला तर तो युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. पदवीप्रदानाच्या पुस्तिकेत तर नावंच नावं. ती दोघांनी समोरासमोर बसून वाचायची, एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मूळ नोंदीवर बोट ठेवून. पीएच.डी.च्या मुलीचं नाव चुकलं तर ती पुस्तिका घरी जपून ठेवायची तरी कशी?

शब्दलेखनासाठी साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम आणि 1972 ची भर हाच आधार धरा, आणि चार पानांची शैलीपुस्तिका करून टाका. कुलगुरू पाच वर्षांनी बदलतात, पुस्तिका टिकते.

तालुका_मास्तर
मी गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरात, गडचिरोली जिल्ह्यात शिकवतो. मुक्ताताई, भाषणांइतकंच परिपत्रकांकडे लक्ष द्या, कारण मुलं तीच वाचतात. एका परिपत्रकाचा नमुना देतो, कुठल्या विद्यापीठाचं ते सांगत नाही:

'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर परीक्षा तांत्रिक कारणास्तव पुढे ढकलण्यात येत असून सुधारित वेळापत्रक यथावकाश प्रसिद्ध करण्यात येईल.'

माझी एक विद्यार्थिनी पहाटेच्या एसटीने परीक्षेला निघते. तिला हवं होतं ते इतकंच:

'उद्या, मंगळवारी, बी.कॉम. तृतीय वर्षाचे दोन्ही पेपर होणार नाहीत. नवी तारीख शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत संकेतस्थळावर येईल. हॉलतिकीट तेच चालेल.'

लांबी तेवढीच आहे. फरक इतकाच की दुसरं लिहिणाऱ्याला परीक्षा विभागात फोन करून शुक्रवार पक्का करावा लागतो. तुमच्या तिघांना तो फोन करायचा अधिकार मिळवून द्या.

मुक्ता_पुणे
मनापासून आभार. 'च' आणि 'ज'चं तर मला सुचलंच नसतं. आबा, एक शंका आहे. थेट वेळ मागितली तर पहिल्याच दिवशी कुलसचिवांना डावलल्यासारखं नाही का होणार?

आबा_कोल्हापूर
होईल, त्यांना वगळून मागितलीत तर. म्हणून आधी त्यांनाच भेटा. त्यांना सांगा, 'प्रत्येक मसुदा तुमच्या नजरेखालून जाईल. तथ्य आणि मंजुरी तुम्ही बघा, मला फक्त साहेबांचं म्हणणं त्यांच्या तोंडून ऐकायचंय.' उलटसुलट निरोपांचा ताप त्यांनाच जास्त होत असतो, बहुतेक कुलसचिव ही व्यवस्था आनंदाने मान्य करतात. मग दोघांच्या संमतीने दोन ओळींचं कार्यालयीन टिपण करून घ्या, कारण माणसं बदलतात. पदवीप्रदान हिवाळ्यात असेल तर नावांची यादी परीक्षा विभागाकडून आत्तापासूनच मागायला लागा.