शब्दचर्चा : ‘रेंज वाढवा’ म्हणजे नेमके काय वाढवा?

प्रश्न

वीजनिर्मिती केंद्रातल्या कामगारांसाठी वॉकीटॉकी आणि मोबाइल वापरण्याच्या सूचना मराठीत लिहायला घेतल्या आहेत. ‘इन-बिल्डिंग कव्हरेज’पाशी अडलो आहे. शब्दकोश ‘आच्छादन’ म्हणतो, कामगार ‘रेंज’ म्हणतात. ‘सिक्युअर युटिलिटी’साठी कोणीतरी ‘सुरक्षित उपयुक्तता’ सुचवले आहे, ते मला स्वतःलाच पटत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

‘उपयुक्तता’ तर सोडूनच द्या. कायद्याच्या मराठीत ‘लोकोपयोगी सेवा’ हा शब्द रुळलेला आहे, आणि सूचनापत्रात तोही लागणार नाही. वीजकेंद्र, उपकेंद्र, जलशुद्धीकरण केंद्र, पंपगृह, जे असेल त्याचे नावच लिहा.

‘आच्छादन’ही नको. आच्छादन म्हणजे वरून घातलेले झाकण. छप्पर, पत्रा, स्लॅब ही सगळी आच्छादने, आणि बिनतारी लहरींना अडवतात त्याही याच गोष्टी. ‘इमारतीतले आच्छादन वाढवा’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला उलटाच अर्थ लागेल.

राहिली ‘रेंज’. रेंज येते, जाते, तुटते, फोन ती पकडतो किंवा पकडत नाही. इतकी क्रियापदे ज्या शब्दाला चिकटली तो परका राहिलेला नाही, त्यामुळे त्याला हाकलण्याच्या मी विरुद्ध आहे. माझी तक्रार एवढीच, की या एका शब्दात आपण चार गोष्टी कोंबल्या आहेत, आणि लोखंड-काँक्रीटच्या इमारतीत त्या चार गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी बिघडतात. ‘रेंज नाही’ अशी तक्रार गेली की दुरुस्तीला येणारा माणूस त्याच्या पिशवीत जे असेल ते लावून जातो.

पहिली गोष्ट पल्ल्याची. तोफेचा असतो तसा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सिग्नल ६ डेसिबलने, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर येतो. पण मनोरा कुंपणाला लागून असला तरी टर्बाइनखालच्या मजल्यावर फोन मुका असतो, तिथे पल्ल्याचा काही संबंध नसतो.

दुसरी पातळीची. ती डीबीएममध्ये, म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत किती डेसिबल अशी मोजतात, आणि आकडे उणे असल्यामुळे इथे हमखास घोळ होतो. उणे ७० हे उणे ११० पेक्षा चांगले, आणि तेही थोडेथोडके नाही. दर १० डेसिबलला दहापट, म्हणून ४० डेसिबलचा फरक म्हणजे दहा हजारपट. सूचनांमध्ये ‘आकडा जास्त’ किंवा ‘कमी’ असे कधीही लिहू नका, ‘शून्याच्या जितके जवळ तितके चांगले’ असे लिहा. फोनवरच्या काड्यांवरही विसंबू नये. किती पातळीला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते.

तिसरी व्याप्ती, म्हणजे किती जागेत किमान पातळी मिळते. ‘कव्हरेज’ला माझ्या मते हाच शब्द, कारण नियमांतही ते जागेच्या टक्केवारीतच येते. अमेरिकेत चालणाऱ्या इंटरनॅशनल फायर कोडच्या २००९ च्या आवृत्तीत अग्निशमन दलाच्या रेडिओसाठी दर मजल्याच्या ९५ टक्के जागेत किमान उणे ९५ डीबीएम अशी अट आली. मजल्याचे साधारण २० सारखे चौकोन पाडायचे आणि चौकोनागणिक मोजायचे. उरलेल्या पाच टक्क्यांत नेमका जिना किंवा अग्निशमन पंपाची खोली आली तर काय करायचे, म्हणून एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमांत अशा कळीच्या जागांसाठी ९९ टक्क्यांची अट आहे. ‘रेंज ९५ टक्के आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही, ‘व्याप्ती ९५ टक्के आहे’ याला आहे.

चौथीसाठी हा सगळा प्रपंच लिहितो आहे. एका केंद्राच्या केबल गॅलरीत उभा होतो. सोबतच्या तंत्रज्ञाच्या खांद्यावरच्या वॉकीटॉकीतून वरच्या नियंत्रण कक्षाचा आवाज खणखणीत येत होता, ‘कुठे आहात? उत्तर द्या.’ त्याने बटण दाबून तीनदा ‘गॅलरीत आहे’ म्हणून सांगितले. वरून पुन्हा तोच प्रश्न. शेवटी तो जिन्याच्या पाच-सहा पायऱ्या चढून दारापाशी गेला तेव्हा कुठे वर ऐकू गेले. परत आल्यावर मला म्हणाला, “रेंज फुल आहे हो, आपली पोच होत नाही.”

तांत्रिक भाषेत याला डाउनलिंक (येणारा सिग्नल) ठीक आणि अपलिंक (जाणारा) कमजोर असे म्हणतात. कारण साधे आहे. वरचा रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल जोरात पुढे पाठवणारे यंत्र, ५० वॅटने बोलत असेल तर हातातला संच जेमतेम ४-५ वॅटने. भिंत दोघांना सारखीच अडवते, पण जायचा आवाज निघतानाच १० डेसिबलने बारीक असतो. मोबाइलची तर आणखी तारांबळ, ४जी फोनची कमाल ताकद वॅटच्या पाचव्या हिश्श्याएवढी.

‘पोच’ शब्दात हे दोन्ही अर्थ आधीपासून आहेत. हात पोचतो ती पोच, आणि पत्र मिळाल्याचे कळवतो तीही पोच. जाणे आणि मिळाल्याचे कळणे, दोन्ही. बंद जागेत एकट्याने काम करणाऱ्या माणसाला यातले दुसरे जास्त हवे असते. म्हणून ‘कव्हरेज तपासा’चे भाषांतर माझ्या मते ‘दोन्ही बाजूंची पोच तपासा’. नुसते ऐकू येते का एवढेच पाहून खूण केलेले तपासणीपत्रक मला अर्धेच वाटते.

प्रतिसाद

‘पोच’ आवडला. ‘बूस्टर’, ‘डोनर’ (मनोऱ्याचा सिग्नल घेणारी छतावरची अँटेना), ‘लीकी केबल’ यांचे काय करायचे? आमच्याकडे कोणी ‘गळकी केबल’ लिहिले होते, ते वाचून देखभाल विभागाने ती बदलायच्या यादीत टाकली.

प्रतिसाद

त्यांचे चुकले नाही. मराठीत गळते ते बिघडलेले असते. नळ गळतो, छत गळते. ही केबल मात्र तशी मुद्दाम घडवलेली आहे. तिच्या बाहेरच्या तांब्याच्या आवरणाला ठरावीक अंतरावर चिरा असतात आणि प्रत्येक चिरेतून थोडा थोडा सिग्नल बाहेर येतो, बाहेरचा आतही जातो. खाणी आणि बोगद्यांत ती कित्येक वर्षे वापरात आहे, केबल गॅलरीसारख्या लांब अरुंद जागेला तिच्याइतके चपखल दुसरे काही नाही. तिला ‘पाझर केबल’ म्हणा. ‘पाझर तलाव’ आपल्याकडे आहेच, आणि पाझरणे हा दोष आहे असे त्यात कोणालाही वाटत नाही.

‘बूस्टर’ शब्दाची मला भीती वाटते, कारण तो ऐकला की वाटते, आणले आणि लावले. यंत्राचे खरे वर्णन ‘दुतर्फी वर्धक’. ते आवाजाबरोबर खरखरही वाढवते, आणि नीट लावले नाही तर ती खरखर मनोऱ्यापर्यंत नेऊन बाकीच्यांचेही बोलणे बिघडवते, म्हणून ज्याच्या नावे ती वारंवारता आहे त्याच्या संमतीशिवाय ते लावू नये. शिवाय ते घुमते. कर्ण्यासमोर माइक धरला की कुई असा आवाज निघतो, तसेच छतावरच्या अँटेनाने आतल्या अँटेनाचेच ऐकले की होते. म्हणून दोघांमधली फारकत वर्धनापेक्षा निदान १५ डेसिबलने जास्त ठेवतात. इंग्रजीत याला ‘आयसोलेशन’ म्हणतात, पण ‘विलगीकरण’ आता दवाखान्याचा शब्द झाला आहे, मला ‘फारकत’ बरा वाटतो.

‘डोनर अँटेना’, ‘रिपीटर’, ‘स्प्लिटर’ (सिग्नल वाटून देणारा) तसेच ठेवा. सामान मागवताना तेच लिहावे लागते. माझा नियम असा, की वस्तूचे नाव बाजारात चालते ते, आणि वस्तू जे करते ते मराठीत.

आणखी एक जोडी सुचवतो. लहर भिंत ‘भेदते’ आणि फटीतून ‘शिरते’. दोन्हींना सरसकट ‘पेनिट्रेशन’ म्हणतात, पण भौतिकी वेगळी आहे. काँक्रीट भेदण्यात कमी वारंवारता बरी. पण भिंतीला लोखंडी पत्रा असेल तर भेदणे विसरा, मग दार, खिडकी, पाइपाभोवतीची मोकळी जागा एवढेच मार्ग उरतात, आणि तिथे लहरीची लांबी महत्त्वाची. १५० मेगाहर्ट्झची लहर २ मीटर लांब, ४५० ची साधारण ६७ सेंटीमीटर. लांब लहर अरुंद फटीत अडते, आखूड शिरते. म्हणून माळावर व्हीएचएफ (१५० चा पट्टा) छान चालते आणि लोखंडी बोळकांडीत यूएचएफ (४५० चा) बाजी मारते.

प्रतिसाद (पहिलाच)

‘सुरक्षित’बद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. इंग्रजीत सेफ आणि सिक्युअर असे दोन शब्द आहेत, आपण दोन्हींना ‘सुरक्षित’ म्हणतो, आणि या विषयात ते दोघे समोरासमोर उभे राहतात. अपघात विभागाला वाटते की हाक तळघरातल्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेली पाहिजे. पहारा विभागाला वाटते की आतले बोलणे कुंपणाबाहेर जाता कामा नये आणि अँटेना कुठे आहेत त्याचे नकाशे कोणाच्या हाती पडू नयेत. दोघेही ‘सुरक्षेसाठी’ म्हणतात आणि कागदावर भांडण दिसतच नाही. म्हणून अपघाताच्या बाजूला ‘सुरक्षितता’, पहाऱ्याच्या बाजूला ‘संरक्षण’, आणि जागेला ‘संरक्षित जागा’ असे ठरवून घ्या.

रिले पॅनेलच्या, म्हणजे बिघाड दिसताच लाइन तोडणाऱ्या उपकरणांच्या, खोलीवर ‘वॉकीटॉकी वापरास मज्जाव’ अशी पाटी असते. ‘मज्जाव’ उत्तम शब्द, फक्त पाटीवर कारणही लिहा. जवळून बटण दाबले तर काही उपकरणे त्या लहरींनी फसतात, आणि रिले चुकून चालला तर चालू लाइन बंद पडते. लोकांना वाटते की आत अँटेना लावल्या तर हा धोका वाढेल. मोबाइलच्या बाबतीत बहुधा उलटे घडते. मनोरा लांब पडला की फोन पूर्ण ताकदीने ओरडतो, अँटेना जवळ असली की तोच फोन कुजबुजतो, कारण त्याला तशी आज्ञाच मिळते. साध्या अ‍ॅनालॉग वॉकीटॉकीत ही सोय नाही, त्यामुळे तिच्यापुरती पाटी कायम.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मसुदा असा केला आहे, “संरक्षित जागेत उतरण्यापूर्वी नियंत्रण कक्षाशी दोन्ही बाजूंची पोच तपासावी. आवाज येत असला तरी उत्तर गेल्याची खात्री करावी. पोच नसल्यास काम सुरू करू नये.”

प्रतिसाद

‘उतरण्यापूर्वी’ बदला. वर उभे राहून तपासले तर पोच नेहमीच मिळेल. ‘कामाच्या जागी पोचल्यावर, काम सुरू करण्यापूर्वी’ असे लिहा, आणि तोवर एक माणूस जिन्याच्या दाराशी थांबेल हेही त्याच वाक्यात घाला.