भगताकडून माणूस बरा होऊन येतो, मग तो पुरावा का नाही?

रानवारा
पावसाळा लागला की आमच्याकडे सर्पदंश वाढतात आणि ‘भगतानं विष उतरवलं’ हेही कानावर येऊ लागतं. सांगणारे खोटं बोलत नसतात. माणूस खरोखर चालत घरी आलेला असतो. म्हणून ‘श्रद्धेला पुरावा लागत नाही’ हे मला पटत नाही. भगतावरच्या श्रद्धेला पुरावा ढीगभर आहे, तो कुणी तपासत नाही एवढंच.

आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड किंवा तस्कर चावला तर काहीही न करता माणूस बरा होतो. माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे, आणि तेही दर वेळी विष सोडतातच असं नाही. म्हणजे भगताच्या दारात आलेले बरेच जण आधीच सुरक्षित असतात. ते गावभर सांगत फिरतात. जो गेला त्याच्याबद्दल मात्र ‘आणायला उशीर केला’, ‘पथ्य मोडलं’.

मण्यारीचं तर फार वाईट. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, धड दुखत नाही, दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही आणि मग श्वास अडकतो. नेमके हेच तास भगताच्या अंगणात जातात.

दवाखान्यात काय करतात बघा. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिलं, गोठलं नसलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरून विषावरची लस सुरू करतात. हे कुणालाही स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. शरीराबद्दल दावा करणाऱ्या प्रत्येक श्रद्धेकडे मी एवढंच मागतो.

टाळकरी
भगताचं मान्य. पण श्रद्धा म्हणजे दरवेळी दावा असतो हे कुणी सांगितलं? मी दरवर्षी वारीला जातो. पाऊस पडावा, पोराला नोकरी लागावी म्हणून नाही जात. यात नळीत घालून तपासण्यासारखं काय आहे? 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही वारी, हरिपाठ, कीर्तन बाजूला ठेवलंय आणि साप-विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलंय. रेघ योग्य जागी आहे.

बिनधागा
टाळकरी, त्याच कायद्यानं होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगायलाही मुभा ठेवली आहे, ते का गाळलंत? भिंत चालली, रेडा वेद बोलला, हे लहानपणापासून मान डोलावत ऐकलेल्या पोरानं मोठेपणी भगताला प्रश्न विचारावा ही अपेक्षाच चूक. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या, त्यात शिकलेलेच लोक किती होते! दिल्लीत वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून खाली ओघळताना दाखवलं. तरी आजही ‘मी स्वतः पाजलंय’ म्हणणारे भेटतात.

टाळकरी
नवसानं पोरं होत असतील तर नवरा कशाला करायचा, हे तुकोबांनी विचारलं. ते काय नास्तिक होते? प्रश्न विचारायची सवय आमच्या परंपरेतही आहे.

जुनाजाणता
तुमचा तर्क फक्त हिंदूंच्या देवळापर्यंतच पोचतो का?

बिनधागा
नाही. 2012 मध्ये मुंबईत विलेपार्ल्याला क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून झिरपत वर चढतंय असं सांगितलं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. पुरावा मागणाऱ्याचे हाल सगळीकडे तेच.

डोंगरपायथा
मी पाड्यावर आरोग्याचं काम करते. तुम्ही सगळे भगताला अडाणी ठरवून मोकळे झालात. रात्री दोनला भगत घरी असतो. आरोग्य केंद्रात डॉक्टर मुक्कामी असेलच असं नाही, असला तर लस असेलच असं नाही. पाड्यावरच्या बाईनं दहा वर्षं हेच पाहिलंय. ती भगताकडे जाते ते तिच्या अनुभवाला धरूनच. मी भगताशी भांडत नाही. आमच्याकडचा एक जण आता दोरा बांधतो आणि बांधता बांधता 108 ला फोन लावायला सांगतो. पेशंट वेळेत पोचतो. मला आणखी काय हवं?

रानवारा
ताई, तुमचं म्हणणं लागलं. लस नसणं हा गुन्हा भगताचा नाही. पण तुमच्या त्या पेशंटला लस मिळून तो घरी आल्यावर श्रेय कुणाला जातं?

डोंगरपायथा
दोऱ्यालाच जातं. जाऊ दे ना. तो जिता आहे.

बिनधागा
आणि ज्या रात्री फोन लागणार नाही त्या रात्री घरचे काय करतील? गाडी मिळवायला धावपळ करतील की दोरा बांधलाय म्हणून सकाळपर्यंत थांबतील? मण्यार असेल तर सकाळ फार उशिरा होते, ताई.